आठपैकी आठ

निकाल लागायच्या आधी निकाल सांगणं हे माझं काम होतं. नोकरीच्या कागदावर मी नागपूरच्या एका मराठी दैनिकाची उपसंपादक. तारेवर आलेल्या बातम्यांचं मराठी करायचं, मथळे द्यायचे, मुद्रितं तपासायची. पण गावात मला जे कोणी ओळखत, ते रविवारच्या पुरवणीतल्या ‘यंदा कोण?’ या सदरामुळे. भाजी घेताना बाई विचारायची, "मॅडम, यंदा खलनायकाचं बक्षीस कोणाले?" आणि वांगी तोलायची थांबायची. उत्तर मिळेपर्यंत काटा हवेतच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टीव्ही नागपुरात नवा होता. ज्याच्या घरी तो असे, त्याच्या घरी मालिकेच्या वेळी पाऊल ठेवायला जागा नसे. टीव्ही मालिकांतल्या कलाकारांचा एक पुरस्कार सोहळा दरवर्षी मुंबईत व्हायचा आणि त्याच संध्याकाळी पडद्यावर दिसायचा. आठ पुरस्कार, प्रत्येकासाठी चार नावं. आमचे संपादक भैयासाहेब यांना कल्पना सुचली, की पेपरात कूपन छापायचं, वाचकांनी त्यात आठही विजेते ओळखून लिहायचे, ते पोस्टकार्डावर चिकटवून पाठवायचं, आणि ज्याचे सगळे बरोबर त्याला प्रेशर कुकर. सोबत कोणीतरी जाणकाराने अंदाज लिहायला हवेत. जाणकार कोण, यावर संपादकीय खोलीत चर्चा झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मालिका पाहते असं कबूल करणारी मी एकटीच होते.

लोकांना वाटायचं, मला मुंबईहून आतलं कळतं. तसं फार काही नव्हतं. माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण तिकडे एका सिनेमासिकात होती, तिला मी वर्षातून एकदा ट्रंक कॉल लावायचे. बाकी सगळी मेहनत वहीतली. परीक्षक कोण आहेत ते आधी जाहीर व्हायचं. त्यांच्या जुन्या मुलाखती मी कापून ठेवायचे. नाटकातून आलेला परीक्षक लांब संवादावर भाळतो. सिनेमातला असेल तर त्याला गप्प चेहरा आवडतो. मागच्या वर्षी जिचं थोडक्यात हुकलं, तिला यंदा झुकतं माप मिळतं. हसवणारा सगळ्यांना आवडतो, पण बक्षीस रडवणाऱ्याला जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोण चांगलं याचा आणि कोणाला मिळेल याचा संबंध असतोच असं नाही. हे पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, म्हणून आठांपैकी तीन आले. पुढे पाच, मग सहा, मग सात. आठ तोवर कधी आले नव्हते.

सदराला गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. महाल भागातले एक ज्योतिषी दर वर्षी यायचे. नटनट्यांच्या जन्मवेळा त्यांनी कुठून मिळवल्या होत्या कोण जाणे. "मॅडम, तुमच्या सदरात ग्रहांची एक चौकट टाका, लोक तुटून पडतील," म्हणायचे. मी म्हटलं, "महाराज, आमच्या घरी छप्पन साली माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून पत्रिका घरात नाही. माझं लग्नसुद्धा ग्रहांना न विचारता झालं आणि नीट चाललंय." ते गंभीरपणे म्हणाले, "ते ग्रह चांगले होते म्हणून." मी त्यांना चहा पाजून पाठवलं.

दुसरे होते कुही गावचे गणिताचे मास्तर. त्यांचं पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. ‘आठ पुरस्कार, प्रत्येकी चार नावं, म्हणजे पासष्ट हजार पाचशे छत्तीस प्रकार होतात. तेवढी पोस्टकार्डं पाठवली तर एक हमखास बरोबर येईल. मी चाळीस लिहिली आहेत. उरलेली आपल्या कार्यालयाने लिहून घ्यावीत.’ आणि खरंच चाळीस कार्डं सोबत, सुवाच्य अक्षरात.

पण आज जे लिहायला बसले ते एका वर्षाबद्दल आहे. त्या वर्षी सहायक अभिनेत्रीच्या चार नावांत कुमुदचं नाव होतं.

कुमुद नागपूरजवळच्या खाप्याची. वडील हातमागावर साड्या विणायचे, आई सुमित्राबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. कॉलेजला नागपुरात आली, एकांकिकांत कामं केली आणि एक दिवस मुंबईला निघून गेली. नागपूरच्या पोरांना हिंदी पाण्यासारखी येते, त्या जोरावर तिला एका हिंदी मालिकेत मोलकरणीचं काम मिळालं. संवाद थोडेच. पण एका भागात घरातली म्हातारी वारल्यावर ही मोलकरीण तिच्या पलंगावरची चादर काढून घडी घालते, एवढाच प्रसंग होता. कुमुदने चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं लांबवलं, आणि समोर ते टोक धरायला कोणी नाही हे तिला तेव्हा कळलं. बस. एक शब्द नाही. मी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मलाच आमच्या घरची चादर एकटीने घडी करवेना.

परीक्षक पाच होते, त्यांतले दोघे सिनेमातले, आणि एकाने तर मुलाखतीत त्या प्रसंगाचं नाव घेतलं होतं. मैत्रीण फोनवर म्हणाली, "तिचंच चाललंय सगळीकडे." मी वहीत शाईने लिहून टाकलं. पेन्सिल नाही, शाई. सदराचा मजकूरही जुळवायला दिला.

रविवारच्या पुरवणीचं पान शुक्रवारी छपाईला सुटायचं. बुधवारी दुपारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. उंच, चेहरा पांढरा पडलेला, हातात कापडी पिशवी.

"कोणाले बक्षीस भेटते थे तुमीच लिहिता नं मॅडम? मी कुमुदची आई."

मी खुर्ची दिली. ती बसली आणि आधी थोडा वेळ नुसता दम घेतला. मग पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत मुंबईचं रेल्वेचं तिकीट होतं.

"पोरीनं पाठोलं. म्हणते, आई तू ये, तुले पुढच्या रांगेत बसवतो. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी गाडी हाय. आन त्याच शुक्रवारी धंतोलीच्या डॉक्टरीणबाईनं माह्यं ऑपरेशन ठरोलं. पोटात गाठ हाय. लय दिवसापासून अंगावरून जाऊन राहिलं."

"कुमुदला माहीत आहे?"

"नाई. काहून सांगू? तिचे हे दिवस हायेत का माह्या गाठीचं ऐकायचे?"

"सुमित्राबाई, मग ऑपरेशन करा. सोहळा टीव्हीवर दिसेल."

ती माझ्याकडे जरा रागानेच पाहू लागली. "थे मले डॉक्टरीणबाईनंबी सांगतलं. म्या तुमाले थे नाई विचारून राहिली. पोरीले बक्षीस भेटते का नाई, एवढंच सांगा. भेटत असंल त मी जातो, ऑपरेशन मागं करतो. भेटत नसंल त जात नाई."

"मिळालं नाही तर तेव्हा तर आई जवळ हवी," मी म्हटलं.

"नाई मॅडम. हारली आन मी समोर असली, त तिले माह्यासाठी हसा लागंल. थे मले पाहवणार नाई. एकटी असली त मोकळी रडंल त खरी."

माझ्या कामाचा कोणाच्या पोटातल्या गाठीशी संबंध येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. लोक माझे अंदाज वाचून पैजा लावायचे, फार तर चहाच्या. मी म्हटलं, "उद्या या. वही पाहून सांगते." वही समोरच्या खणात होती आणि तीत काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

संध्याकाळी सायकल काढून धंतोलीला गेले. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकांवर यवतमाळपासून गोंदियापर्यंतचे पेशंट बसलेले. आत बोलावल्यावर मी सरळ विचारलं, "सुमित्राबाईंचं ऑपरेशन पुढे ढकलता येईल का?"

त्या चिडल्याच. "मोठे सर्जन महिन्यातून एकदा येतात. रक्त तिच्या अंगात किती उरलंय माहीत आहे का तुम्हाला? दोन बाटल्या मोठ्या मुश्किलीने जमवल्यात. गाठ साधी आहे की वाईट, ते काढल्यावरच कळेल. आणि या अवस्थेत तिला रेल्वेने मुंबईला पाठवायचं? कशासाठी? टीव्हीवाल्यांच्या टाळ्या ऐकायला?"

घरी मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. खोटं बोलण्याचं मला तितकं वाटत नव्हतं. पण त्या सदरात, चुकलं तरी चालेल पण मनातलं तेच लिहायचं, हा माझा एकच नियम होता, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. शिवाय अर्धे वाचक माझी यादी जशीच्या तशी कूपनावर उतरवत. मी जाणूनबुजून चुकीचं नाव छापलं तर त्या सगळ्यांचं कूपन वाया.

गुरुवारी सुमित्राबाई आल्या. मी वही उघडली, त्यांना दिसणार नाही अशी धरली आणि म्हणाले, "नाही मिळणार."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "रविवारच्या पेपरात असंच येईन नं?"

"असंच येईल."

त्या गेल्या आणि मी खाली जुळणी विभागात उतरले. आमचे फोरमन देवाजीभाऊ शिशाचे खिळे जुळवून तयार असलेला मजकूर बांधत होते. मी म्हटलं, "सहायक अभिनेत्रीचा परिच्छेद काढा. नवा देते." त्यांनी नवा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कुमुद काढू? आपल्या खाप्याची पोरगी? मॅडम, तब्येत बरी हाय नं?"

"काढा देवाजीभाऊ."

"काढतो. पण मले पटलं नाई, हे सांगून ठेवतो."

रविवारी पेपर आला आणि सोमवारपासून टपाल. मला ‘घरभेदी’ म्हणणारी पत्रं आली. एकाने लिहिलं, मुंबईवाल्यांनी तुम्हाला साडी पाठवली असेल. माझा लहान दीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भैयासाहेबांनी बोलावून विचारलं, "मॅडम, मन घट्ट करून लिहिलंत. खात्री आहे ना?" मी "हो" म्हटलं. ते कौतुकाने म्हणाले, "याला म्हणतात निर्भीड पत्रकारिता." मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. गाठ नारळाएवढी निघाली आणि तपासणीला गेली.

सोहळ्याच्या रविवारी कार्यालयात सगळे टीव्हीसमोर जमणार होते. मी डोकं दुखतंय सांगून धंतोलीला गेले. दवाखान्याच्या मोठ्या खोलीत टीव्ही होता. कंपाउंडरने सुमित्राबाईंची खाट दारापर्यंत सरकवून दिली होती. मी शेजारी स्टुलावर बसले. एकेक पुरस्कार जाहीर होत गेला आणि माझा अंदाज एकेक करून बरोबर येत गेला. दुसरी कुठली संध्याकाळ असती तर मी आनंदाने ओरडले असते. तिथे फक्त सहायक अभिनेत्रीची वाट पाहत होते. कुमुदचं नाव येईल, ही बाई माझ्याकडे वळून पाहील, मग मी काय सांगणार?

चार नावं वाचली. कॅमेरा कुमुदवर आला. मोतिया रंगाची, खाप्याच्या काठाची साडी. "तिच्या बाबानं विणली थे," सुमित्राबाई म्हणाल्या. मग पाकीट फाडलं आणि नाव आलं दुसरीचं. मी छापलेलंच.

खोलीतले सगळे हळहळले. कुमुद उठली, जिंकलेल्या बाईंना तिने मिठी मारली आणि हसली. सुमित्राबाई कोपरावर उठून पडद्याकडे निरखून पाहत होत्या.

"दात नाई दाखोले," त्या म्हणाल्या. "खोटं हसते तवा सारे दात दाखवते. हे मनातून हाय." आणि पदराने डोळे पुसून पुन्हा आडव्या झाल्या. "तुमी बरोबर सांगतलं मॅडम. मी गेली असती त फुकटच गेली असती."

आठपैकी आठ. माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच. सोमवारी कार्यालयात पेढे होते, पहिल्या पानावर चौकट होती, ‘आमचे आठही अंदाज अचूक’. माझी यादी उतरवणारे इतके वाचक बरोबर निघाले की कुकरसाठी चिठ्ठी टाकावी लागली. देवाजीभाऊंनी स्वतः वर येऊन हात जोडले. "मॅडम, तुमच्यापुढं आपण काही नाई." मी हातातला पेढा वहीच्या खणात ठेवून दिला.

मंगळवारी कुमुद नागपुरात आली. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी तिला ऑपरेशनचं कळवलं होतं. मी सुमित्राबाईंना पाहायला गेले तेव्हा ती आईच्या पायथ्याशी बसून रागावत होती. "एक कार्ड टाकता येत नव्हतं, आई? मी तिथे साडीच्या निऱ्या काढत होते आणि तू इथे..." मला पाहून ती थांबली. आईने ओळख करून दिल्यावर उभी राहिली.

"ताई, तुम्हीच माझ्याविरुद्ध लिहिलं होतं ना? बरोबर निघालं तुमचं," ती म्हणाली. आवाज सभ्य होता, पण सगळे दात दिसत होते.

मला ते सहन झालं नाही. पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि तिच्या हातात दिली. शाईने लिहिलेलं कुमुदचं नाव आणि खाली त्या चादरीच्या प्रसंगावर लिहिलेला, देवाजीभाऊंनी काढून टाकलेला परिच्छेद. मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंकडे गेले तेही सांगितलं.

सुमित्राबाईंनी विचारलं, "म्हंजे तुमाले वाटत होतं, हिले भेटंल?"

"हो."

"आन मले खोटं सांगतलं?"

"हो."

"आन थे खोटंच खरं निघालं?" त्यांचं पोट हलायला लागलं. "अवं माय... कुमे, मले धर वं. मॅडम, हसवू नका, टाके तुटतीन माहे!" त्या हसत होत्या, कळवळत होत्या, पुन्हा हसत होत्या. नर्स धावत आली आणि आम्हा दोघींना बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर बसून कुमुदने तो परिच्छेद दोनदा वाचला. मग म्हणाली, "तो प्रसंग झाल्यावर सेटवर कोणी काही बोललं नाही, ताई. पुढचा शॉट लावला. मला वाटलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "हे छापलं असतं तर बरं झालं असतं. निकालाचं नाही म्हणत मी. हे."

मी तशीच कार्यालयात गेले आणि भैयासाहेबांना म्हटलं, "मला खुलासा छापायचा आहे." सगळं ऐकून ते कपाळाला हात लावून बसले.

"मॅडम, आपण पहिल्या पानावर चौकट छापली आहे. आता काय छापू? आमच्या जाणकार खोटं लिहितात?"

"हो. आणि कारणही छापा. बाईंचं नाव न घेता."

"वाचक काय म्हणतील?"

"घरभेदी तर आधीच म्हणाले आहेत."

दोन दिवस माझा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले. "एका अटीवर छापतो. खाली लिहा, खरा हिशेब आठपैकी सात. आपण आकड्यात तरी प्रामाणिक राहू." रविवारी खुलासा आला आणि त्याखाली तो परिच्छेद, जसा होता तसा. देवाजीभाऊंनी तो जाड टायपात जुळवला होता, मी न सांगता.

कोणी रागावलं असेल तर मला लिहिलं नाही. उलट पत्रं आली ती त्या चादरीबद्दल. एकाने लिहिलं, आम्ही तो भाग पाहिला होता पण हे पाहिलं नव्हतं. त्या वर्षापासून मी सदराचे दोन भाग केले. वर ‘कोणाला मिळेल’ आणि खाली ‘कोणाचं काम मनात राहिलं’. आधीची काही वर्षं मी फक्त वरचंच लिहीत होते याची चुटपुट मला आजही आहे. किती चांगली कामं मी केवळ परीक्षकांच्या आवडीनिवडी मोजत बसल्याने ओलांडून गेले असेन.

सुमित्राबाईंची गाठ साधी निघाली. तीन महिन्यांनी त्या पुन्हा कार्यालयात आल्या, गालांवर रंग होता. म्हणाल्या, "आता मुंबईले चालली पोरीकडं. बक्षीस नाई, सोहळा नाई, काई नाई. तुमीबी चाला. एवढं मुंबईचं लिहिता, कवा पाह्यलं तरी का?"

पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं नागपुरात बसून त्या जगाबद्दल लिहिलं, पण मालिका कशी चित्रित होते ते एकदाही पाहिलं नव्हतं. मी रजा टाकली.

कुमुद आम्हाला सेटवर घेऊन गेली. नवी मालिका होती, तिचं काम पुन्हा छोटंच. दार उघडायचं, बाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे बघायचं आणि म्हणायचं, "अंदर आओ." दोन शब्द. आम्ही दोघी एका लोखंडी पेटीवर बसलो होतो. तिने ते केलं, दिग्दर्शकाने मान हलवली, दिवे विझू लागले.

तेवढ्यात दाराआडून कुमुदचा आवाज आला, "सर, एक और कर लें? इस बार मैं उसे पहचानने में थोड़ी देर करूँगी."

दिवे पुन्हा लागले. सुमित्राबाईंनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "पाह्य, अजून करतो म्हणते."

कुमुदने तो शॉट आणखी एकदा केला, आणि मग पुन्हा एकदा. आम्ही पेटीवरून उठलो नाही.